जपानी घरातील भारतीय विद्यार्थी

शिक्षणासाठी जपानला गेलेला विद्यार्थी स्थानिक कुटुंबात राहू लागतो, तेव्हा त्याचा खरा अभ्यास दारातच सुरू होतो. पादत्राणे ‘गेनकान’ या प्रवेशाच्या जागेत उतरवायची आणि ‘तादाइमा’, म्हणजे ‘आलो’, असे म्हणून आत यायचे. शौचालयातील चपला वेगळ्या असतात. त्या घालून घरभर फिरणे ही नवागताची ठरलेली चूक.

स्नानाची रीत अधिक निराळी आहे. अंग टबाबाहेर स्वच्छ धुवायचे आणि नंतरच गरम पाण्यात उतरायचे. त्याच पाण्यात घरातील सर्वजण पाळीपाळीने बसतात. पहिला मान बहुधा पाहुण्याचा. पण त्याने सौजन्य म्हणून टब रिकामा केला, तर इतरांची पंचाईत होते. अनेक घरांत हेच पाणी पुढे कपडे धुण्यासाठी वापरतात.

शाकाहारी विद्यार्थ्याची कसोटी मात्र जेवणाच्या वेळी लागते. मिसो सूपमध्ये मासा दिसत नाही, परंतु त्याचा आधार असलेला ‘दाशी’ हा अर्क बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशापासून काढलेला असतो. यात लपवाछपवी नसते. मासळीचा तुकडा नाही, म्हणजे पदार्थ शाकाहारी, असा यजमानांचा प्रामाणिक समज असतो. म्हणूनच ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. कोम्बू या समुद्री शेवाळाचा किंवा शिताके अळंबीचा दाशी चालेल, असे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. असे सांगणे उद्धटपणाचे ठरत नाही. काहीही न बोलता भरलेली वाटी तशीच ठेवली, तर मात्र स्वयंपाक करणाऱ्याला आपलेच काही चुकले असे वाटत राहते.