घर कोठे असावे?

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे वाक्य आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. पैकी आज काय खावे आणि काय ल्यावे, हा निर्णय उद्या बदलता येतो. निवाऱ्याचे तसे नाही. 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' या म्हणीत घर बांधण्याचे कष्ट सांगितले आहेत. परंतु ते कोठे बांधावे, याविषयी म्हण मूक आहे. ती रूढ झाली त्या काळी हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसावा. जेथे शेत तेथे घर, जेथे वतन तेथे वाडा. आज पोटाची जागा एक, शाळेची दुसरी आणि म्हाताऱ्या माणसांची तिसरी, अशी स्थिती झाल्यामुळे प्रत्येक कुटुंबाला हा प्रश्न कधी ना कधी सोडवावा लागतो.

तृतीय वर्षाला भूगोल घेतल्यामुळे 'वस्तीचे स्थान' हे प्रकरण मी अभ्यासले होतेच. गेल्या वर्षी ते प्रकरण आमच्याच दारात येऊन उभे राहिले. लालबागच्या एका जुन्या चाळीत आमची १६० चौरस फुटांची खोली आहे. तीत आई, बाबा, ताई आणि मी राहतो. आजी राजापूर तालुक्यातील आमच्या गावी एकटी असते. चाळीचा पुनर्विकास ठरला आणि भाडेकरूंपुढे दोन पर्याय आले. नव्या इमारतीत मोठे घर घ्यावे आणि ते तयार होईतो विकसकाकडून भाडे घेऊन अन्यत्र राहावे, हा एक. एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडावा, हा दुसरा. पैसे घेतले तर बदलापूरला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर लगेच होत होते. किंवा गावचे घर नीट करून उरलेली रक्कम बँकेत ठेवता येत होती. म्हणजे लालबाग, बदलापूर आणि राजापूर अशी तीन ठिकाणे झाली. उत्तर द्यायला मुदत दोन महिन्यांची होती.

शास्त्र काय सांगते?

जमिनीचा उपयोग बाजारपेठेपासूनच्या अंतरावर ठरतो, हा विचार फोन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली मांडला. त्याच्यासमोर शेती होती. पुढे १९६४ साली विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने तोच विचार शहराला लावला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : शहराच्या मध्यभागी जागा महाग, पण प्रवास स्वस्त, शहराबाहेर जागा स्वस्त, पण प्रवास महाग. प्रत्येक कुटुंब आपल्या मिळकतीच्या मर्यादेत या दोहोंचा मेळ घालते आणि जेथे तो बसतो तेथे घर करते.

हा सिद्धांत वाचताना पटतो, कारण मुंबईचा नकाशा त्याची साक्ष देतो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर रेल्वेच्या रुळांनीच मुंबईची वस्ती लांबवर ओढत नेली. लोकल जसजशी पुढे सरकली तसतशा डोंबिवली, कल्याण, बदलापूर येथे इमारती उभ्या राहिल्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर. तेवढ्या अंतरावर जागेचा भाव उतरतो आणि लालबागेत एका खोलीलाही न पुरणाऱ्या पैशात बदलापूरला घर होते.

परंतु या सिद्धांतात एक गृहीत आहे. घरात मिळवता एकच, तो रोज शहराच्या मध्यभागी जातो आणि परत येतो. बाकीची माणसे जणू घरातील सामानासारखी त्याच्यामागून जातात. आमच्या घराला हे माप लावू गेलो तेव्हा ते बसेना. येथे मिळवती माणसे तीन, शिकणारा एक, आणि जिचा प्रवास कोणत्याच कोष्टकात मांडता येत नाही अशी आजी.

जनगणनेचा कौल

पुस्तक बाजूला ठेवून मी जनगणनेचे आकडे काढले. आमच्यासारख्या लक्षावधी कुटुंबांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते त्यांत दिसते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. रत्नागिरी जिल्ह्याची त्याच दहा वर्षांत १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. आणि ठाणे जिल्हा, ज्यात त्या वेळी पालघरही मोडत होते, ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. म्हणजे लालबागही ओसरत होते आणि राजापूरही. भर पडत होती ती मधल्या बदलापुरांत. आमच्या तीन पर्यायांपैकी कशाला जास्त मते पडली, हे वेगळे सांगायला नको.

मात्र त्याच तक्त्यात आणखी एक रकाना आहे, आणि माझी नजर तेथे अडली. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. मुंबई शहर जिल्ह्यात तो आकडा ८३२ होता, आणि रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. कोकणात मुली अधिक जन्मतात असा याचा अर्थ नव्हे. पुरुष मुंबईला गेले आणि स्त्रिया मागे राहिल्या, असा आहे.

दोन ठिकाणचे एक घर

गिरणगावाचा इतिहास या आकड्यामागे उभा आहे. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत कामाला आलेला माणूस सहसा एकटा येई. एकेका गावाच्या मंडळाची खोली असे. तीत वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने निजत. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि दोरीवर एक जागा. जेवण खाणावळीत. खाणावळी चालवणाऱ्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, यावरून हा व्याप केवढा असेल याची कल्पना येते. पगार झाला की गावी मनिऑर्डर जाई. शेत, गुरे, सासू-सासरे आणि मुले हे सारे गावी राहिलेली बाई पाही. गणपतीला आणि शिमग्याला नवरा घरी येई.

आमचे आजोबा असेच एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे अनेकांना काम परत मिळाले नाही. आजोबा त्यांपैकी एक. ते गावी परतले, पण खोली सोडली नाही. सोडण्याचे कारणही नव्हते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली होती. भाडेकरूला खोली परवडत राहिली आणि मालकाला दुरुस्ती परवडेनाशी झाली. चाळी टिकल्या त्या याच कायद्याने, आणि खंगल्या त्याही याच कायद्याने. त्याच खोलीत पुढे बाबा आले आणि एका छापखान्यात बाइंडर म्हणून लागले.

आजीच्या लग्नाला ५८ वर्षे झाली. त्यांपैकी नवऱ्याबरोबर एका छपराखाली काढलेली वर्षे तिने मला मोजून सांगितली : अकरा. बाकीचे अंतर तिने सांभाळले. 'आमचे कुटुंब लालबागला राहते' असे आम्ही म्हणत होतो, ते वाक्य पुरे नव्हते. ते दोन ठिकाणी राहत होते, आणि दोहोंमधल्या अंतराचे भाडे एकच व्यक्ती भरत होती. घराची किंमत, क्षेत्रफळ आणि स्टेशनपासूनची मिनिटे आपण विचारतो. अंतर कोणाच्या वाट्याला येणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमची वही

म्हणून मी एक वही केली. प्रत्येक ठिकाणासाठी एक पान आणि प्रत्येक माणसाचा सकाळी उठल्यापासून निजेपर्यंतचा दिवस. मत विचारले की माणसे स्वप्न सांगतात, दिवस विचारला की खरे सांगतात. बाबांचे मत बदलापूर होते. स्वतंत्र शयनगृह, गच्ची, आपल्या नावाचे दार. आईचे मतही आधी तेच होते.

बदलापूरचे पान लिहू लागलो. ताई परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारपाळी संपून ती रात्री साडेनऊला बाहेर पडते; आज पायी पंधरा मिनिटांत घरी येते. बदलापूरला पोचायला तिला मध्यरात्र होईल, आणि पुढे स्टेशनपासून रिक्षा. आई पोळीभाजीचे बावीस डबे करते. ते सारे लालबाग-परळच्या टापूतले. तेथून हलले की तो धंदा संपला. बाबांना आणि मला दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन चार तास. सेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली असे मांडले की, कोणत्याही युगातला माणूस रोजच्या प्रवासाला सरासरी एक तासच देतो. वाहन वेगवान झाले की वाचलेल्या वेळाऐवजी तो अंतर वाढवतो. बदलापूरच्या पानावर आम्ही चौघांपैकी तिघे त्याच्या चौपट वेळ देणार होतो, आणि चौथी, म्हणजे आई, मिळकत देणार होती.

राजापूरचे पान वरवर सुंदर होते. जांभ्या दगडाचे घर, सहा आंबे, काजूची बाग. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून रात्री दादरला गाडीत बसले की सकाळी राजापूर रोडला उतरता येते. पण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही जांभा ते पाणी धरून ठेवत नाही. मे महिन्यात आमची विहीर तळ दाखवते आणि आजी खालच्या वाडीतून कळशी आणते. ताईची नोकरी तेथे नाही, माझे पुढचे शिक्षण नाही.

लालबागच्या पानावर प्रत्येकाचा दिवस जवळपास आज आहे तसाच राहत होता. तोटेही लिहिले. नवे घर हाती येईपर्यंत तीन-चार वर्षे; मिळणारे भाडे याच भागात पुरत नाही, तूट ताईच्या पगारातून; पुढे लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च; आणि चाळीची गॅलरी कायमची जाणार, जिच्यामुळे आई घरात नसतानाही आम्ही कधी उपाशी राहिलो नाही. करार नोंदणीकृत असावा आणि भाड्याची रक्कम व मुदत त्यात स्पष्ट लिहिलेली असावी, एवढी अट घालून बाबांनी नव्या घराच्या बाजूने सही केली. आम्ही आता काळाचौकीला एका खोलीत राहतो.

आजीचे पान मात्र भरता येईना. मुंबईला ये म्हटले, तर ती चार दिवसांवर राहत नाही. तिची मागणी एकच आहे : घराला कुलूप लागता कामा नये. शेवटी बाबांनीच तोड काढली. येत्या एप्रिलमध्ये ते निवृत्त होतील, आणि पावसाळ्यापूर्वी गावी जाऊन आजीजवळ राहतील. आमच्या घरात पहिल्यांदाच गावी राहण्याची पाळी पुरुषाने घेतली. हे ऐकून मला फार समाधान वाटले. आई पोळ्या लाटता लाटता एवढेच म्हणाली, "आजवर सासूबाई वाट पाहत होत्या, आता मी पाहीन." तिचे म्हणणे वहीत लिहून ठेवले आहे. अंतर आम्हांला नाहीसे करता आलेले नाही. आई महिन्यातून चार दिवस डबे बंद ठेवून गावी जाईल आणि त्या काळात स्वयंपाक मी करीन, असे ठरले आहे. ते किती निभते, ते पुढच्या वर्षी कळेल.

तात्पर्य, आदर्श घराची जागा नकाशावर एका टिंबाने दाखवता येईल, असे मला आता वाटत नाही. घरात जितकी माणसे, तितके दिवस. आणि ते सर्व एका ठिकाणी सुखाचे जातील असे ठिकाण क्वचितच सापडते. तेव्हा वाचकहो, आपल्या घरी हा प्रश्न निघेल तेव्हा चौरस फूट मोजण्यापूर्वी प्रत्येकाचा दिवस मोजावा. जो सर्वांत कमी बोलतो त्याचा आधी. अंतर राहणारच असेल तर ते कोण चालणार, हे सर्वांदेखत बोलून ठरवावे, आणि वर्षा-दोन वर्षांनी ती वाटणी पुन्हा तपासावी. आमच्या घरात हे ठरवायला तीन पिढ्या लागल्या.