बिबट्या राहू दे, कुत्र्यावर लिही!

क्लायंटसमोर पिच करताना घाम फुटतो ना? मग कधीतरी ॲनिमल बिहेविअरमधल्या रिसर्च ग्रँटचं प्रपोजल लिहून बघा. तेही श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापुरात बसून. इथे घराच्या मागच्या दारालाच ऊस लागतो, आणि अंधार पडला की पोरांना दम दिला जातो, ‘बांधाकडं जायचं नाही!’ कारण अर्थातच बिबट्या.

साहजिकच इथल्या झूऑलॉजीच्या विद्यार्थ्याला पहिलं स्वप्न पडतं ते बिबट्याचं. त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर, आपण जीपमध्ये, एकदम डिस्कव्हरी चॅनेल! स्वप्न खोटंही नाही. २००९मध्ये याच जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला ‘आजोबा’ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला गेला आणि शंभराहून जास्त किलोमीटर चालत मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. २०१४मध्ये त्यावर उर्मिला मातोंडकरचा सिनेमाही आला. पण त्यामागे विद्या अत्रेय यांची कित्येक वर्षांची मेहनत होती आणि वनखात्याची साथ होती. कॉलेजच्या पोराने सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये हे मागितलं, तर कमिटी पहिल्याच पानावर थांबते. परवानगी कुठेय? आणि मुळात प्रश्न काय आहे?

हा दुसरा प्रश्न खरा डेंजर. मास कॉमला असताना मीही एक प्रपोजल लिहिलं होतं. त्यात ‘जनजागृती’ हा शब्द नऊ वेळा होता, प्रश्न एकही नव्हता. पैसे मिळाले नाहीत, हे सांगायला नकोच!

आता पुण्याचं उदाहरण घ्या. मिलिंद वाटवे सर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेड्या राघूवर काम केलं. हो, तोच तारेवर बसणारा हिरवा पक्षी. तो जमिनीत बीळ करून घरटं करतो. जवळ धोका दिसला की बिळात शिरत नाही, कारण बीळ कुठे आहे ते उघडं पडेल. यांचा प्रश्न एवढाच होता: समोरच्याला बीळ दिसतंय की नाही, हे राघूला कळतं का? म्हणून माणूस एकदा बीळ दिसेल असा उभा केला आणि एकदा अंतर तेवढंच ठेवून बीळ दिसणार नाही असा. बीळ दिसत नसेल तेव्हा राघू जास्त बिनधास्त आत शिरले! २००२मध्ये हा पेपर ‘ॲनिमल कॉग्निशन’ या इंटरनॅशनल जर्नलमध्ये आला. मुख्य उपकरण काय, तर उभा राहणारा माणूस. बजेटवाले खूश!

गृहीत धरणं किती महाग पडतं, ते बघायचं तर जुन्नर आठवा. २००१ ते २००३मध्ये तिथले २९ बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले. सगळ्यांना वाटलं, प्रॉब्लेम खल्लास. झालं उलटंच. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७वर गेले. बिबट्याला उचलून दुसरीकडे ठेवलं की तो काय करतो, हे आधी कुणी तपासलं नव्हतं.

मग बेलापूरच्या पोराने काय लिहावं? माझं मत, कुत्र्यांवर. हसू नका. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के कुत्रीच निघाली. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. म्हणजे बिबट्या वस्तीत येतो तो बऱ्याचदा कुत्र्यांमागे. आता प्रश्न असा करा: ऊस उभा असताना आणि तुटल्यानंतर, वस्तीवरची मोकाट कुत्री संध्याकाळी शेताच्या कडेला थांबतात की घरांजवळ सरकतात? दर दहा मिनिटांनी कोणतं कुत्रं कुठे आहे आणि काय करतंय, एवढीच नोंद. याला स्कॅन सॅम्पलिंग म्हणतात. जीन आल्टमन यांनी १९७४मध्ये अशा निरीक्षणाच्या पद्धती नीट मांडल्या, आजही सगळे त्याच वापरतात.

बजेटमध्ये दुर्बीण, वह्या, पेट्रोल. आणि रेबीजची लस विसरू नका, कमिटी नक्की विचारते. त्याहून महत्त्वाचं, निरीक्षण गच्चीवरून करणार असं स्पष्ट लिहा. अंधारात उसाच्या कडेने फिरणार असं लिहिलं तर कुणी सही करणार नाही आणि करूही नये. ‘यातून मानव-बिबट्या संघर्ष संपेल’ हे वाक्य तर आत्ताच खोडा. कुत्री कुठे बसतात एवढं कळलं, तरी कचरा कुठे टाकावा आणि पोरांची शाळेची वाट कुठून असावी, यावर ग्रामपंचायतीशी बोलता येईल.

राहता राहिलं टाइमटेबल. तोड साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होते. त्याआधीची नोंद हातात हवी, म्हणजे अर्ज पावसाळ्यापूर्वीच गेला पाहिजे. फडातला ऊस एकदा तुटला की ‘आधीचा’ डेटा वर्षभर मिळत नाही.