बाहुली नाचते, दोरी कुणाच्या हाती?

गेल्या पावसाळ्यात मालवणला एका कार्यकर्त्याच्या घरी आमचा मुक्काम होता. बाहेर समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. रात्री त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हणाला, "काकानू, ह्यां कार्टून नाय, बघा तरी." आम्ही नाइलाजाने बसलो आणि उठलो तेव्हा झोप उडालेली होती.

चित्रपट होता मामोरू ओशी या जपानी दिग्दर्शकाचा 'घोस्ट इन द शेल'. साल १९९५. जेमतेम दीड तासाचा, हाताने काढलेल्या चित्रांचा, पण गुप्तहेरकथा. कथेतले साल २०२९. माणसांचे मेंदू यंत्रांना जोडलेले आहेत आणि कुणीतरी त्या मेंदूंत शिरून माणसांना हवे तसे नाचवतो आहे. पोलिसांनी त्याला नाव दिले आहे, 'पपेट मास्टर', म्हणजे बाहुल्या नाचवणारा. त्याच्या मागावर असलेली अधिकारी मोतोको कुसानागी हिचे अख्खे शरीर कृत्रिम आहे आणि ते सरकारी मालकीचे आहे. नोकरी सोडली तर शरीर परत करावे लागेल!

चित्रपट संथ आहे, अशी तक्रार अनेक जण करतात. मध्येच कथा थांबते. पाऊस, कालवे, इमारती आणि गर्दी यांची नुसती चित्रे काही मिनिटे सरकत राहतात, संवाद एकही नाही. पण रात्रभर दशावतार बघणाऱ्या सिंधुदुर्गाला संथपणाचे भय कोणी घालू नये. ज्याला विचार करायला लावायचे आहे तो घाई करत नाही.

आम्हाला अस्वस्थ केले ते एका छोट्या प्रसंगाने. कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा एक माणूस आहे. बायको घटस्फोट मागते आहे, लहान मुलगी आहे, या दुःखात तो वावरतो. पकडला गेल्यावर पोलीस त्याला सांगतात की तुला बायको नाही, मुलगी नाही, या आठवणी तुझ्या डोक्यात दुसऱ्याने घातल्या आहेत. मुलीचा म्हणून जपलेल्या फोटोत मुलगी नसतेच. तो रडू लागतो. खोट्या आठवणीसाठी गाळलेले अश्रू मात्र खरे असतात.

वाचकहो, दुसऱ्याने डोक्यात घातलेली आठवण ही गोष्ट आम्हाला जपानकडून शिकावी लागते काय? तू पायापासून जन्मलास, हे तुझ्या मागच्या जन्मीचे फळ आहे, ही खोटी आठवण या देशात पिढ्यान्‌पिढ्या कोट्यवधी डोक्यांत भरली गेली. आणि तीही कचरा उचलणाऱ्यांच्याच डोक्यांत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा एक पुस्तक तर जळालेच, शिवाय बाहुलीची दोरीही जळाली.

बाहुली म्हटली की सिंधुदुर्गात पिंगुळी आठवते. कुडाळजवळच्या या गावी ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावली-बाहुल्या जपल्या. चित्राला आवाज द्यायचा, सावलीला चालवायचे. अॅनिमेशन याहून वेगळे काय असते? याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. आम्हाला त्याचा आनंद आहे.

पण सन्मान कलेला मिळतो, तेव्हा कलावंताच्या मुलाचे काय होते? जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना समितीचे दक्षता पथक चौकशीला येते. ही आमच्याकडची गुप्तहेरकथा! १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही यंत्रणा उभी केली. देव कोणते, लग्नाच्या रीती कोणत्या, मयताचे विधी कोणते, असे प्रश्न विचारले जातात. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या मुलाला आजोबांचे विधी सांगता आले नाहीत, तर तो आदिवासी उरत नाही काय? ठाकर, ठाकूर या नावांच्या साम्यामुळे संशय आणखी वाढतो. या समाजातील अनेकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा लाटणारे आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पडताळणी हवीच. परंतु चोर पकडण्याच्या नावाखाली घरधन्यालाच उंबऱ्यावर उभे करायचे, हा न्याय नव्हे. २४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रीतिरिवाजांची ही कसोटी निर्णायक नाही. राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांना न्यायालयाने अधिक महत्त्व दिले. हे योग्यच झाले. मात्र गावोगाव बाहुल्या नाचवत फिरणाऱ्याच्या पेटीत १९५० पूर्वीचा कागद कुठून सापडणार, हा प्रश्न उरतोच.

चित्रपटातला पपेट मास्टर शेवटी माणूस नसतोच. सरकारी खात्याने हेरगिरीसाठी बनवलेला तो एक प्रोग्राम असतो, त्याला स्वतःचे भान येते आणि तो राजकीय आश्रय मागतो. अधिकारी म्हणतात, तू जिवंत असल्याचा पुरावा काय? तो उलट विचारतो, तुमच्याकडे तरी काय आहे?

हा प्रश्न आम्हाला जवळचा वाटला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याची कल्पना नाकारली. जन्मोजन्मीचा आत्मा गेला की जन्मोजन्मीची जातही जाते, उरतो तो माणूस आणि त्याचे आचरण. मग माणूस असल्याचा पुरावा ज्याने मागितला, त्यालाच आधी विचारले पाहिजे, की मागण्याचा अधिकार तुला कुणी दिला?

आपल्या वस्तीतल्या वाचनालयात हा चित्रपट मुलांना दाखवा. संपल्यावर दिवा लावा आणि एकच प्रश्न विचारा, दोरी कुणाच्या हाती आहे? उत्तर मुलेच शोधतील. आणि दाखल्यासाठी खेटे घालणारा ठाकर तरुण भेटला, तर त्याच्यासोबत कचेरीपर्यंत चालत जा.