शस्त्रक्रियेनंतरची पाळी : घरात न विचारला जाणारा प्रश्न

घरातील एखाद्या स्त्रीची मोठी शस्त्रक्रिया ठरली की सारे घर कामाला लागते. विम्याची कागदपत्रे काढली जातात, रुग्णालयातील खोलीचे दर विचारले जातात, जुळत्या रक्तगटाचा नातेवाईक शोधून ठेवला जातो, दुकानात कोणी बसायचे आणि मुलांच्या शाळेचे कोणी पाहायचे याची वाटणी होते. शस्त्रक्रिया पार पडते, टाके निघतात, भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरते. मग एके दिवशी त्या स्त्रीच्या ध्यानात येते की, पाळीची तारीख उलटून बारा दिवस झाले आहेत. किंवा नुकतीच येऊन गेलेली पाळी पुन्हा सुरू झाली आहे. शस्त्रक्रिया पित्ताशयाची, मणक्याची किंवा हृदयाची; तिचा पाळीशी काय संबंध, असे तिला वाटते. पतीला सांगण्याचा संकोच, सासूबाईंना सांगावे तर त्या काळजी करतील आणि शल्यचिकित्सकाकडील भेट जखम व औषधे यांच्या चौकशीतच संपते. तिची शंका तिच्यापाशीच राहते.

ही शंका बहुतेक वेळा निराधार ठरते. काही वेळा मात्र ती अत्यंत मोलाची सूचना असते. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी पाळीचे चक्र कसे चालते, हे थोडे समजून घेणे आवश्यक आहे.

चक्राचे सूत्र मेंदूच्या हाती

पाळी गर्भाशयातून येते म्हणून तिचे नियंत्रणही तेथूनच होत असावे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या चक्राची सूत्रे मेंदूतील हायपोथॅलॅमस या लहानशा भागाकडे असतात. तो ठरावीक अंतराने एक संप्रेरक थोडे थोडे सोडतो. त्यामुळे पोषग्रंथी कार्यरत होते आणि पोषग्रंथीच्या संप्रेरकांमुळे बीजकोशात बीज पक्व होते. हायपोथॅलॅमसमधील या संप्रेरकाची रासायनिक रचना १९७१ मध्ये उलगडली. मेंदूतील अशा संप्रेरकांच्या संशोधनाबद्दल रॉजर गिलेमिन व अँड्र्यू शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक रोझलिन यालो यांच्यासह विभागून देण्यात आले.

मोठी शस्त्रक्रिया, ती कितीही कुशलतेने केलेली असली तरी, शरीराच्या दृष्टीने एक मोठी दुखापतच असते. कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरके वाढतात, भूक मंदावते, झोप मोडते, रक्त कमी झालेले असते. व्यापारात अडचणीचा हंगाम आला की नव्या शाखेचा विचार पुढे ढकलून आधी चालू देणी भागवली जातात. शरीरही तेच करते. जखम भरून काढणे ही पहिली निकड ठरते आणि बीज पक्व करण्याचे काम काही दिवस लांबणीवर पडते.

शस्त्रक्रिया चक्राच्या कोणत्या टप्प्यावर झाली, यावरही बरेच अवलंबून असते. बीज बाहेर पडल्यापासून पुढील पाळीपर्यंतचा काळ साधारण चौदा दिवसांचा असतो आणि त्यात फारसा बदल होत नाही. त्यामुळे बीज बाहेर पडण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर ते उशिरा बाहेर पडते आणि पाळीही तितकीच लांबते. ते बाहेर पडून गेल्यावर शस्त्रक्रिया झाली, तर पाळी बहुधा तारखेच्या आसपास किंवा थोडी आधी येते. एकीची पाळी लवकर आली आणि दुसरीची उशिरा, एवढ्यावरून कोणाच्या शस्त्रक्रियेत काही चुकले असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. बहुतेक स्त्रियांचे चक्र एक ते तीन पाळ्यांत पूर्वपदावर येते.

मोजमापासाठी एक आधार उपलब्ध आहे. ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१८ च्या निकषांनुसार दोन पाळ्यांमधील २४ ते ३८ दिवसांचे अंतर आणि आठ दिवसांपर्यंतचा रक्तस्राव सामान्य समजला जातो. म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी पाळी आलीच पाहिजे, हा हिशेब निसर्गाने कोणाला लिहून दिलेला नाही.

औषधांचा वाटा

पाळीतील बदलाचे कारण कित्येकदा औषधांच्या पिशवीतच सापडते. पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियेनंतर हेपारिनच्या प्रकारातील इंजेक्शने देतात. त्या दिवसांत पाळी आली तर ती अधिक जाते. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड हे औषध प्रोलॅक्टिन वाढवते आणि ते बरेच दिवस घेतल्यास पाळी लांबू शकते. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या सुमारे चार आठवडे आधी थांबवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो आणि त्या थांबवल्या की काही दिवसांतच रक्तस्राव होतो. ही सारी कारणे साधी आहेत. पण ती आधी सांगितली गेली नाहीत, तर स्त्री अकारण धास्तावते.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. लग्नकार्य, यात्रा, पूजा यांसाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेण्याची रीत अनेक घरांत आहे. या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनच्या प्रकारात रूपांतरित होतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हालचाल कमी असते आणि रक्ताची गाठ होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो. पायातील अशी गाठ फुप्फुसात पोहोचली तर ती प्राणावर बेतू शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधी वा नंतर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शस्त्रक्रियेच्या दिवशी पाळी आली, तरी बहुतेक शस्त्रक्रिया त्यामुळे अडत नाहीत. परिचारिकेला तसे सांगून ठेवले म्हणजे पुरे.

जेथे बदल शस्त्रक्रियेतूनच येतो

काही शस्त्रक्रियांचे परिणाम दीर्घकाळ राहतात. गर्भाशय काढले पण बीजकोश ठेवले, तर पाळी थांबते आणि संप्रेरके मात्र चालू राहतात. बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे, हाडे ठिसूळ होणे या गोष्टींची तयारी तेव्हा आधीच करावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी ‘काय काय काढणार आहात?’ हा प्रश्न विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. थायरॉइड ग्रंथी काढल्यानंतर गोळीची मात्रा कमी पडली, तर पाळी अधिक जाऊ लागते. तेथे गर्भाशयावर उपचार करण्यापूर्वी रक्ताची तपासणी हवी.

सिझेरियन ही तर आज घरोघरी परिचित असलेली मोठी शस्त्रक्रिया. तिच्यानंतर पाळी केव्हा येईल, हे टाक्यांपेक्षा स्तनपानावर अधिक अवलंबून असते. पहिली पाळी येण्यापूर्वीही बीज बाहेर पडू शकते, म्हणून पाळी आलेली नाही याचा अर्थ दिवस राहणार नाहीत असा होत नाही. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाला असेल, नंतर दूध आले नसेल आणि अनेक महिने पाळीही आली नसेल, थकवा मात्र वाढत असेल, तर पोषग्रंथीला इजा झाल्याची शक्यता असते. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. असा थकवा ‘बाळंतपणाची अशक्ती’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. प्रत्यक्षात साध्या गोळ्यांनी त्यावर उपचार होऊ शकतात.

कधी शस्त्रक्रिया थांबलेली पाळी परतही आणते. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर अनेकींची पाळी बंद होते आणि प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांत ती पुन्हा सुरू होते. अमेरिकेतील एडिथ हेल्म यांच्यावर १९५६ मध्ये बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी त्यांच्या जुळ्या बहिणीच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण केले आणि १९५८ मध्ये त्या माता झाल्या. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरही वजन उतरू लागताच अनियमित पाळी पुष्कळदा नियमित होते. हा आनंद खरा. परंतु प्रत्यारोपणानंतर किमान एक वर्ष आणि लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्यास सांगतात. पाळी परतली की हा विषय डॉक्टरांपुढे लगेच काढला पाहिजे.

झडप, गोळी आणि चातुर्मास

सर्वाधिक सावधगिरी हवी ती हृदयाची कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या स्त्रियांनी. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तरुण स्त्रिया आपल्या देशात पुष्कळ आहेत. अशा झडपेवर गाठ धरू नये म्हणून वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. तिच्यामुळे पाळी फार जाऊ लागते आणि येथे दोन चुका घडतात. काही जणी निमूटपणे सोसत राहतात आणि रक्त कमी होत होत चार पायऱ्या चढणे अवघड होते. काही जणी त्या चार दिवसांत गोळी परस्पर बंद करतात. दुसरी चूक अधिक घातक. कारण झडपेवर गाठ धरली, तर ती झडप बंद पाडते किंवा मेंदूकडे जाऊन पक्षाघात घडवते. पाळीचा स्राव आटोक्यात आणण्याचे सुरक्षित उपाय हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवू शकतात. गोळी थांबवणे हा उपाय नव्हे.

जैन घरांत याला आणखी एक बाजू आहे. ही गोळी के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते आणि हिरव्या पालेभाज्या हा त्या जीवनसत्त्वाचा मोठा स्रोत आहे. चातुर्मासात पालेभाज्या एकाएकी बंद झाल्या की त्याच मात्रेच्या गोळीचा परिणाम वाढू शकतो. आयंबिल वा उपवासांनी आहार बदलला तरी तसेच होऊ शकते. अशा वेळी पाळी नेहमीपेक्षा अधिक गेली, तर नवल नाही. चातुर्मासाच्या आरंभी आणि समाप्तीनंतर आयएनआर ही रक्ततपासणी करून घ्यावी आणि आहारातील बदल डॉक्टरांना आधी सांगावा. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दीर्घ उपवासाविषयीही वैद्यकीय सल्ला घेणे हिताचे. कारण अन्न अपुरे पडले की मेंदू पाळीचे चक्र आणखी लांबवतो.

रक्ताची भरपाईही महत्त्वाची आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. म्हणजे अनेक जणी मुळातच कमी शिलकेवर शस्त्रक्रियेला सामोऱ्या जातात. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असल्यास केवळ आहारावर विसंबून चालत नाही, लोहाच्या गोळ्या लागतात. डाळी-कडधान्यांच्या जेवणाबरोबर लिंबू वा आवळा घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणालगत घेतलेला चहा ते अडवतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पाळी तीन महिने आली नाही. स्राव आठ दिवसांहून अधिक चालला. दोन पाळ्यांच्या मध्ये वारंवार रक्त गेले. किंवा रजोनिवृत्तीनंतर एकदाही रक्तस्राव झाला, तर तपासणी करून घ्यावी. पाळी चुकली आणि गर्भधारणा शक्य असेल, तर ती चाचणी सर्वप्रथम करावी. सलग दोन तास दर तासाला पॅड भिजत असेल, भोवळ येत असेल, ताप व दुर्गंधीयुक्त स्राव असेल, पोटात असह्य कळा असतील, एका पायाची पोटरी सुजली असेल किंवा एकाएकी धाप लागत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यासाठी एक साधी वही पुरते. शस्त्रक्रियेची तारीख, तिच्या आधीच्या दोन-तीन पाळ्यांच्या तारखा, नंतरच्या प्रत्येक पाळीचे दिवस, वापरलेले पॅड आणि चालू औषधे एवढे तिच्यात असावे. ज्या घरांत पैशापैशाची नोंद पिढ्यान् पिढ्या ठेवली जाते, तेथे हे कठीण नाही. तीन महिन्यांची अशी नोंद समोर आली की डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो आणि अनावश्यक तपासण्याही टळतात.

तथापि वहीपेक्षाही गरज आहे ती विचारणाऱ्या माणसाची. शस्त्रक्रियेतून उठलेल्या सुनेला सासूबाईंनी, पत्नीला पतीने, आईला मोठ्या मुलीने ‘जखम कशी आहे?’ या प्रश्नाबरोबरच ‘पाळी व्यवस्थित आली का?’ एवढे विचारावे. या एका प्रश्नाने कित्येक जणींची निष्कारण भीती जाईल आणि एखादीचा खरा धोका वेळीच लक्षात येईल.