जाळीवरचा हुरडा आणि गॅलरीतला निखारा

थंडीची चाहूल लागली, की मराठवाड्याला हुरड्याचे वेध लागतात. त्यासाठी आता शिवार गाठलेच पाहिजे, असे नाही. घडीची कोळशाची शेगडी, लोखंडी सळया आणि तिखट सॉसच्या बाटल्या आणून औरंगपुऱ्यासारख्या दाट वस्तीतही गच्चीवर बेत जमविता येतो. पनीर वा कबाब या शेगडीवर उत्तम भाजतात. हुरड्याचे मात्र तसे नाही.

आगटी म्हणजे जमिनीतला उथळ खड्डा. त्यात गोवऱ्यांचा विस्तव करून ज्वारीची कोवळी कणसे राखेतल्या निखाऱ्यात खुपसतात. राख धग धरून ठेवते आणि दाणा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो. जाळीखालचा निखारा वाऱ्याने फुलतो आणि दाणा शिजण्याआधीच तूस करपते. वाणही महत्त्वाचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी वसंत’ हे वाण खास हुरड्यासाठीच आहे.

मिरचीतील कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. त्यामुळे जळजळीत सॉसवर पाणी पिणे व्यर्थच. शेंगदाण्याच्या चटणीशेजारी दही ठेवण्याची जुनी रीत अधिक शहाणपणाची.

धोका आहे तो धुमसत्या कोळशाचा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणे. म्हणून काचा लावलेल्या गॅलरीत शेगडी पेटवू नये आणि ऊब मिळावी म्हणून विझत आलेली शेगडी झोपण्याच्या खोलीत तर मुळीच आणू नये. धूर थांबला तरी वायू निघतच असतो.