लालबाग ते नॉरशॉपिंग

स्वीडनला शिकायला जातोय हे चाळीत कळलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "कुठल्या गावाला?" म्हटलं, नॉरशॉपिंग. शेजारच्या काकू लगेच, "शॉपिंग नंतर कर रे, आधी शिकून घे!" आता काय बोलणार! स्वीडिशमध्ये 'क' चा कधीकधी 'श' होतो, त्याला मी काय करू?

तर मंडळी, नॉरशॉपिंग हे स्टॉकहोमच्या नैर्ऋत्येला दीडेकशे किलोमीटरवरचं गाव. लिनशॉपिंग विद्यापीठाचा एक कॅम्पस इथे आहे, आणि मी तिथे ट्रान्सपोर्ट आणि लॉजिस्टिक्सचा एम.एस्सी. करायला आलो. पैशांचं आधीच सांगून टाकतो, कारण सगळे तेच विचारतात. पूर्वी स्वीडनमध्ये शिक्षण सगळ्यांना फुकट होतं. २०११ पासून युरोपबाहेरच्यांना फी लागते. डेन्मार्कने २००६ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये तेच केलं. त्यामुळे 'तिकडे फुकट असतं ना?' हे आता विसरा आणि स्कॉलरशिपच्या मागे लागा.

परीक्षेचं मात्र ऐकून हेवा वाटेल. पेपरवर नाव नसतं, फक्त कोड. आणि नापास झालात तर वर्षभरात पुन्हा बसायच्या संध्या ठरलेल्या असतात. मी तिकडच्या मित्रांना 'केटी' समजवायला अर्धा तास घालवला. त्यातली भीती काही त्यांच्यापर्यंत पोचली नाही. प्रोफेसरला नावाने हाक मारायची. पहिले दोन महिने मी नाव घेणंच टाळलं, नुसतं "हॅलो" म्हणून सुरुवात करायचो.

डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. दुपारी साडेतीनला बाहेर पडलो की काळोख! अशाच एका संध्याकाळी नदीकाठाने चालताना लक्षात आलं, की आपण ज्या इमारतींमध्ये लेक्चरला बसतो त्या सगळ्या जुन्या कारखान्यांच्या आहेत. विटांच्या भिंती, उंच खिडक्या आणि मधोमध उभी चिमणी. लालबागच्या पोराला वेगळं सांगायला नको.

नॉरशॉपिंगला स्वीडनचं मँचेस्टर म्हणायचे. गावातून मोताला नदी उतारावरून धावते. त्या पाण्याच्या जोरावर सतराव्या शतकात लुई द गीरने इथे कारखाने उभे केले आणि पुढे कापडगिरण्या वाढल्या. आपल्याकडे नदीचा असा जोर नव्हता. पण बंदर होतं, कापूस होता, सूत तुटू न देणारी दमट हवा होती आणि कोळशावरची वाफ होती. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली आणि पुढचं गिरणगाव तुम्हाला माहीत आहेच. इकडच्या गिरण्या १९५० ते १९७० च्या दरम्यान स्वस्त परदेशी कापडापुढे टिकल्या नाहीत. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बरेच परत आत गेलेच नाहीत.

म्हणजे गिरण्या दोन्हीकडे बुडाल्या आणि माणसं दोन्हीकडे घरी बसली. फरक नंतरचा आहे. इथे गिरण्या रिकाम्या झाल्या, पण नदीकाठच्या इमारती राहिल्या. १९९१ मध्ये एकीत कामाचं म्युझियम आलं, १९९४ मध्ये कागदाच्या कारखान्यात कॉन्सर्ट हॉल आणि १९९७ मध्ये आमचा कॅम्पस. आपल्याकडे १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे व्हायचे : शहराच्या मोकळ्या जागेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली; शेड उभी असलेली जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती मान्य केली. आता लोअर परळला मॉलच्या आवारात चिमणी तेवढी शिल्लक आहे. लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात.

तुलना अगदी सरळ नाही, हे कबूल. दीड लाख वस्तीच्या गावात जमिनीला परळचा भाव नसतो. तिथे वाचवणं स्वस्त पडलं असेल. पण तरी...

त्या म्युझियमची इमारत १९१७ ची, सात बाजूंची, नदीतल्या बेटावर. लोक तिला 'इस्त्री' म्हणतात. तिथे एक आख्खं दालन आल्व्हा नावाच्या कामगार बाईवर आहे. कोणी पुढारी नाही, मालकीण नाही. पस्तीस वर्षं सूत गुंडाळायच्या मशीनवर उभी राहिली, १९६२ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत. बस्स, एवढंच.

माझी आजी वाइंडिंग खात्यात होती. तेच काम. तिच्या गिरणीच्या जागी आता टॉवर आहे आणि तिचा मशीनवरचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मी आल्व्हाच्या दालनाचे फोटो बाबांच्या व्हॉट्सॲपवर पाठवले आणि रात्री फोन केला. आजीने म्हणे फोटो दोन बोटांनी मोठे करून बराच वेळ बघितले. मग फोन हातात घेऊन विचारलं, "गिरणी बंद झाल्यावर हिला हिचे पैसे पूर्ण मिळाले का रे?"