पाणीपट्टीची वाढ आणि ग्रामसभेचे मत

सार्वजनिक सोयींचा मोबदला वाढविण्याची वेळ आली, म्हणजे प्रत्येक स्थानिक संस्थेपुढे एक प्रश्न उभा राहतो. वाढ आधी ठरवून मग ती लोकांना कळवावयाची, की आधी लोकांना विचारून मग ती ठरवावयाची?

या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या कायद्यांनी निरनिराळी दिली आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने आपल्या कक्षेतील जागांच्या भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा घरमालकास दिली आहे. तेथे आकडा कायद्यानेच ठरविल्यामुळे भाडेकरूचे मत घेण्याचा प्रश्न येत नाही. इंग्लंडमध्ये नगरपालिकांच्या मालकीच्या घरांत राहणाऱ्या भाडेकरूंशी व्यवस्थापनाविषयी विचारविनिमय करावा, असे तेथील १९८५ चा गृहनिर्माण कायदा सांगतो. पण भाड्याचा विषय त्याने या तरतुदीतून वगळला आहे. स्कॉटलंडच्या २००१ च्या कायद्याने मात्र पुढचे पाऊल टाकले. भाडेवाढीची नोटीस देण्यापूर्वी, जिची झळ ज्यांना लागणार त्या भाडेकरूंचा सल्ला घेणे आणि त्यांच्या मतांचा विचार करणे तेथे घरमालक संस्थेवर बंधनकारक आहे.

आपल्या खेड्यांत पंचायतीच्या मालकीच्या भाड्याच्या घरांच्या वसाहती सहसा नसतात. तथापि दरवर्षी घरोघर जाणारे पाणीपट्टीचे बिल हा याच जातीचा विषय होय. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगराळ तालुक्यांत त्याचे महत्त्व विशेष आहे. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.)

धरणे उशाशी, टंचाई दाराशी

भोर तालुक्यात भाटघर व नीरा देवघर, तर वेल्हे तालुक्यात पानशेत, वरसगाव व गुंजवणी ही धरणे आहेत. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो. असे असूनही डोंगरउतारावरील अनेक वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. खाली साठलेले पाणी वर चढविण्यासाठी पंप लागतो, पंपासाठी वीज लागते आणि विजेचे बिल दरमहा भरावे लागते. बिल थकले की पंप थांबतो व बांधलेली योजना असूनही हंडा पुन्हा डोक्यावर येतो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. योजना उभारण्यास शासनाचा निधी मिळतो. ती चालविण्याचा भार मात्र गावाने उचलावयाचा आहे. म्हणूनच पाणीपट्टी किती असावी, हा प्रश्न गावाने स्वतः सोडविला पाहिजे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम १२४ अन्वये कर व फी बसविण्याचा अधिकार पंचायतीस आहे. आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते. आर्थिक वर्षातील ग्रामसभेच्या पहिल्या बैठकीपुढे वार्षिक हिशेब व प्रशासन अहवाल ठेवणे पंचायतीचे कर्तव्य आहे. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस मात्र हे बंधन राहत नाही. त्यामुळे मोजक्या दहा-बारा ग्रामस्थांच्या उपस्थितीतही दरवाढीचा ठराव संमत होऊ शकतो. असा ठराव नियमाला धरून असला, तरी वसुलीच्या वेळी त्याच्या पाठीशी गाव उभे राहीलच असे नाही.

हिशेब आधी, ठराव नंतर

लोकांचे मत घ्यावयाचे तर त्यांच्यापुढे आकडे हवेत. उदाहरणादाखल २०० नळजोड असलेले गाव घेऊ. वर्षाचे वीजबिल १,८०,००० रुपये, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन १,२०,००० रुपये, दुरुस्ती ४०,००० रुपये व टीसीएल पावडर आदी शुद्धीकरणाचा खर्च २०,००० रुपये, असा एकूण खर्च ३,६०,००० रुपये धरला, तर प्रत्येक घरामागे वर्षाला १,८०० रुपये, म्हणजे महिन्याला १५० रुपये पडतात.

समजा, सध्याचा दर १,२०० रुपये आहे व १५० घरेच तो भरतात. जमा होतात १,८०,००० रुपये. निम्मा खर्च उघडा पडतो. दर १,८०० रुपये केला आणि भरणारी घरे तितकीच राहिली, तर जमा २,७०,००० रुपये होतात. तूट संपत नाहीच, उलट नियमित भरणाऱ्यांवरील भार दीडपट होतो. याच २०० घरांनी १,५०० रुपये भरले तर ३,००,००० रुपये जमतात. उरलेली तूट गळती थांबवून व पंपाचे तास कमी करून आटोक्यात आणता येते. हे तीन पर्याय शेजारी शेजारी फळ्यावर लिहिले, म्हणजे चर्चा ‘वाढ नको’ या एका वाक्यापाशी थांबत नाही. थकबाकी का राहिली, गळती कोठे आहे, हे प्रश्न ग्रामस्थच विचारू लागतात.

कोणास विचारावे?

विखुरलेल्या वस्त्यांमुळे मूळ गावठाणात भरणाऱ्या सभेला दूरच्या वाडीतील माणूस पोहोचतोच असे नाही. पाणी सर्वांत उशिरा व कमी दाबाने मिळते ते बहुधा त्याच वाडीला. तिचे मत न घेता समान दर लावणे न्याय्य म्हणता येणार नाही. सभेपूर्वी प्रत्येक वाडीत छोटी बैठक घेतल्यास ही उणीव भरून निघते. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. पाणी भरण्याचे काम बहुतेक घरांत स्त्रियांकडेच असल्याने दराचा विषय या सभेपुढे अवश्य ठेवावा.

पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेलेल्यांची बंद घरे आणि शहरवासीयांची सुटीची घरे हाही या भागातील विचारार्ह विषय आहे. बंद घरास पूर्ण दर लावावा काय, बागेसाठी पाणी वापरणाऱ्या घरास अधिक दर असावा काय, हे आधीच स्पष्ट ठरले नाही, तर थकबाकी व तंटे यांची भर पडते.

शेवटी, मत घेतल्यावर त्याचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली व का, याची नोंद इतिवृत्तात करून ती फलकावर लावावी. ग्रामसेवकांनी आकडे मांडावेत, शिक्षकांनी ते समजावून द्यावेत आणि सदस्यांनी आपापल्या प्रभागातील म्हणणे निर्भीडपणे सभेपुढे ठेवावे. आपल्या संमतीने ठरलेला दर भरताना ग्रामस्थास तो लादलेला वाटत नाही. पंपाची वीज अखंड ठेवण्याचा भरवशाचा मार्ग हाच होय.